लाल बांदोल: पहिली बाटली घेण्यापासून ती दहा वर्षांनी उघडण्यापर्यंत

मुरवून प्यायची फ्रेंच लाल वाइन म्हटलं की बोर्दो आणि बर्गंडी ही दोनच नावं बहुतेकांच्या तोंडी येतात. तिथल्या नावाजलेल्या बाटल्यांचे भाव आता पगारदार माणसाच्या हातचे राहिलेले नाहीत. म्हणून जुनी झालेली वाइन नेमकी कशी लागते हे ज्याला स्वतः चाखून बघायचंय, त्याला मी बांदोलकडे पाठवतो. हे फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचं गाव आहे, मार्सेय आणि तूलों या दोन बंदरांच्या मधलं. गावामागच्या टेकड्यांवर होणारी लाल वाइन आजही मोठ्या लाकडी पिंपांत, सावकाश तयार होते. चांगल्या वर्षाची बाटली पंधरा-वीस वर्षं सहज जाते आणि त्या काळात ती सुधारत राहते. फ्रान्समध्ये चांगल्या उत्पादकाची साधी लाल बांदोल साधारण 20 ते 40 युरोंना मिळते.

अडचण एवढीच की ही वाइन नवख्याला लगेच जवळ करत नाही. कोवळी असताना, गरम खोलीत, बूच काढल्या काढल्या ग्लासात ओतली तर तोंड आवळून येतं आणि नाकाला ओल्या चामड्याचा वास येतो. माणूस म्हणतो, ही आपल्यासाठी नाही. तिचा उशीर कशामुळे होतो हे एकदा कळलं की बाटलीचं काय करायचं हेही आपोआप कळतं.

पहिली पायरी: द्राक्ष ओळखून घ्या

लाल बांदोलचा कणा म्हणजे मूर्वेद्र हे काळं द्राक्ष. नियमाप्रमाणे लाल वाइनमध्ये त्याचं प्रमाण निदान 50 टक्के असावंच लागतं आणि ते 95 टक्क्यांपर्यंत नेता येतं. उरलेला भाग मुख्यतः ग्रेनाश आणि सँसो या द्राक्षांचा. मूर्वेद्र मूळचं स्पेनचं. तिकडे त्याला मोनास्त्रेल म्हणतात. मणी लहान, साल जाड, आणि पिकायला फार उशीर. शरदात बाकीच्या जातींची तोडणी उरकली तरी मूर्वेद्रचे घड वेलीवरच असतात. इतका उशीर परवडायचा तर ऊन भरपूर हवं, मुळांशी ओल हवी आणि शेवटच्या आठवड्यांत पाऊस आलाच तर घड लवकर सुकायला हवेत. मूर्वेद्रला डोकं उन्हात आणि पाय पाण्यात लागतात, असं तिकडचे शेतकरी म्हणतात. समुद्र दिसेल तिथेच ते नीट पिकतं, अशीही तिथली समजूत आहे.

बांदोलमध्ये या सगळ्या गोष्टी एका जागी आल्या आहेत. टेकड्यांचं अर्धवर्तुळ समुद्राकडे तोंड करून बसलंय, त्यामुळे दिवसभर ऊन आणि रात्री समुद्राची ऊब. खाली चुनखडी आणि चिकणमातीचा थर, तो ओल धरून ठेवतो. पाऊस पडून गेला की मिस्त्राल नावाचा कोरडा वारा सुटतो आणि घड सडण्याआधी सुकवतो. उतारावर दगडी ताली रचून वाफे केलेले आहेत. आपल्याकडे सह्याद्रीच्या उतारावर जमीन धरायला ताली घालतात, तसंच काम. जुन्या ताली बिनचुन्याच्या, दगडावर दगड बसवून केलेल्या आहेत. त्या शाबूत ठेवणं हा तिथल्या शेतकऱ्याच्या कष्टाचा मोठा भाग. अशा जागी यंत्राने तोडणी जमणारही नाही आणि नियमही ती करू देत नाही. सगळी तोडणी हाताने. उत्पन्नालाही मर्यादा आहे, हेक्टरी 40 हेक्टोलिटर, म्हणजे एकरी जेमतेम 1,600 लिटर. कोवळ्या वेलींची द्राक्षं लाल वाइनला चालत नाहीत. बाग लावल्यावर काही वर्षं थांबावं लागतं.

आता खरा मुद्दा. मूर्वेद्रच्या सालीत टॅनिन भरपूर, म्हणजे चहा जास्त उकळल्यावर जिभेवर येतो तो तुरटपणा. शिवाय या द्राक्षाची वाइन हवा फार सावकाश पचवते. हवाबंद टाकीत ठेवली तर ती कोंदटते आणि तिला वास मारू लागतो. लाकडातून मात्र हवा अगदी थोडी थोडी आत येत राहते, तुरटपणा मऊ होतो आणि वास मोकळे होतात. म्हणूनच लाल बांदोल किमान 18 महिने लाकडात राहिलीच पाहिजे असा नियम आहे. हे लाकूडही बहुतेक जुन्या पद्धतीच्या उत्पादकांकडे फूद्र म्हणतात त्या प्रचंड पिंपांचं असतं, हजारो लिटरचं आणि वर्षानुवर्षं वापरलेलं. नव्या छोट्या पिंपाचा व्हॅनिलासारखा वास त्यात उतरत नाही. वाइनला फक्त श्वास मिळतो. पुढे बाटलीत हेच काम आणखी संथपणे चालू राहतं, म्हणून बाटली थांबवून ठेवायची.

थोडा इतिहास, कारण त्याशिवाय लेबल कळत नाही

बांदोलचं बंदर पूर्वी वाइनच्या व्यापारावर चालायचं. पिंपांवर ‘बी’ हे अक्षर डागून ती जहाजांवर चढत. लांबचा समुद्रप्रवास झेलूनही ही वाइन बिघडत नाही, अशी तिची ख्याती होती. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा या मुळं पोखरणाऱ्या किडीने फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त केल्या. उपाय निघाला तो अमेरिकन खुंटावर कलम करण्याचा. नाशिक-सांगलीकडे आज डॉगरिजच्या खुंटावर द्राक्षाचं कलम करतात, ते पाण्याच्या ताणासाठी आणि खारट जमिनीसाठी. फ्रान्समध्ये कारण वेगळं होतं, तंत्र तेच. पण मूर्वेद्रची कलमं नीट जगेनात, आणि शेतकऱ्यांनी भरघोस पिकणाऱ्या हलक्या जाती लावल्या. बांदोलमधून मूर्वेद्र जवळजवळ गेलं.

ते परत आणण्याचं श्रेय लुसियाँ पेरो आणि त्यांच्या सोबतच्या मोजक्या शेतकऱ्यांचं. 1936 मध्ये त्यांचं लग्न ल्युसी ऊर्फ ल्युल्यू तांपिए हिच्याशी झालं. सासऱ्यांनी त्यांना घरची, फायलोक्सेराच्या आधीची एक जुनी बाटली पाजली. ती चाखल्यावर इथे मूर्वेद्रच हवं याची पेरोंना खात्री पटली. 11 नोव्हेंबर 1941 रोजी बांदोलला स्वतंत्र आपेलास्यों, म्हणजे ठरलेल्या जागेच्या आणि ठरलेल्या नियमांच्या वाइनलाच वापरता येणारं कायदेशीर नाव, मिळालं, आणि पुढच्या दशकांत नियमातलं मूर्वेद्रचं किमान प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढत गेलं. ल्युल्यू पेरो 2020 मध्ये गेल्या, वयाच्या 102 व्या वर्षी. त्यांच्या हातच्या प्रोव्हान्सी, म्हणजे दक्षिण फ्रान्सच्या याच भागातल्या, जेवणानेही या वाइनला जगभर मित्र मिळवून दिले.

दुसरी पायरी: बाटली निवडा

आधी रंग बघून घ्या. आज बांदोलच्या उत्पादनात सर्वांत मोठा वाटा गुलाबी रोझेचा आहे. रोझेही चांगली असते, पण हा लेख तिच्याबद्दल नाही. लेबलवर ‘बांदोल’ हे आपेलास्यों म्हणून लिहिलेलं हवं. ‘कोत द प्रोव्हान्स’ लिहिलेलं असेल तर ती शेजारच्या मोठ्या प्रदेशाची वेगळी वाइन. उत्पादकाने स्वतःच्याच घरी बाटली भरली असेल तर ‘मीझ आँ बुतेय ओ दोमेन’ किंवा ‘ओ शातो’ असं छापलेलं असतं. सुरुवातीला अशीच बाटली घ्या.

बांदोल नावाखाली आठ गावांची जमीन येते: बांदोल, सानारी, ल कास्तले, ला कादिएर दाझ्युर, आणि सँ-सीर, ल बोसे, एव्हनोस, ओलियुल यांचे काही भाग. उत्पादकांचे स्वभाव निरनिराळे आहेत.

दोमेन तांपिए हे पेरो कुटुंबाचं घर. त्यांच्या साध्या लाल वाइनशिवाय ला मिगुआ, ला तूर्तीन आणि काबासाऊ अशा एकेका उताराच्या वेगळ्या बाटल्या असतात. काबासाऊ जवळजवळ सगळी मूर्वेद्रची असते आणि ती थांबवायलाच लागते. नवख्याने साध्या बाटलीपासून सुरुवात करावी, तीही पुरेशी खोल असते.

शातो द पिबार्नों उंचावर आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे 300 मीटरवर. तिथली वाइन मूर्वेद्रच्या मानाने नीटस आणि सुगंधी. तेरब्रून ओलियुलच्या बाजूला. तिच्यात ताजेपणा जास्त, तापलेल्या दक्षिणेची वाइन वाटतच नाही. ग्रो नोरे भरदार आणि फळांनी गच्च, त्यामुळे कोवळी प्यायलाही बरी.

आणि शातो प्रादो. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं. नेपोलियनच्या दिवाणी संहितेच्या शिल्पकारांपैकी एक असलेल्या पोर्तालिसांच्या कुटुंबाकडे ही मालमत्ता पिढ्यान्‌पिढ्या आहे. इथे घड देठांसकट आंबवतात आणि वाइन जुन्या फूद्रांत 18 महिन्यांवर न थांबता तीन-चार वर्षं राहते. ती कोवळी असताना दगडासारखी वाटते. पण बांदोलची जुनी पद्धत पूर्णपणे म्हणजे काय हे बघायचं तर प्रादोची मुरलेली बाटलीच उघडावी. पहिली बाटली म्हणून मात्र ती घेऊ नका. आधी दोन-तीन इतर घरं चाखा.

वर्षाबद्दल फार डोकं लढवू नका. या किनाऱ्यावर ऊन भरवशाचं असतं. 1998, 2001, 2010 आणि 2016 ही वर्षं चांगली गाजली. यातलं काही समोर आलं तर सोडू नका.

तिसरी पायरी: एकाच वर्षाच्या तीन बाटल्या घ्या

तीन वेगवेगळ्या उत्पादकांच्या तीन बाटल्या घेण्याचा मोह होतो. तो आवरा. एकाच उत्पादकाच्या, एकाच वर्षाच्या तीन घ्या. एक लगेच उघडा, दुसरी पाच-सहा वर्षांनी, तिसरी दहा-बारा वर्षांनी. काळ वाइनला काय करतो हे याहून स्वस्तात शिकायची दुसरी सोय मला माहीत नाही. प्रत्येक वेळी काय वाटलं ते चार ओळींत लिहून ठेवा, कारण सहा वर्षांपूर्वीची चव जिभेला आठवत नाही.

युरोपात राहणाऱ्या मराठी माणसाला हे सोपं आहे. भारतात आयात वाइनवर कराचा बोजा मोठा आणि बांदोल दुकानात क्वचितच दिसते. तेव्हा प्रवासात स्वतः आणणं हाच व्यवहारी मार्ग. परदेशातून येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे 750 मिलिलिटरच्या दोन बाटल्या. पती-पत्नी मिळून चार. बाटल्या चेक-इन सामानात, कपड्यांच्या घडीत, बॅगेच्या मधोमध. कडांना नको. विमानतळाकडे जाताना भर उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत त्या तासभरसुद्धा ठेवू नका. घरी आणल्यावर दोन-तीन आठवडे तरी बाटलीला हात लावायचा नाही. जुनी असेल तर जास्तच. प्रवासात ढवळलेला साका खाली बसायला वेळ लागतो.

प्रत्यक्ष जायचं असेल तर मार्सेय-तूलों मार्गावरची लोकल गाडी बांदोल स्टेशनवर थांबते. पण बागा वर टेकड्यांत आहेत, तिथे गाडी नाहीतर सायकल लागते. आधी ईमेल करून वेळ ठरवा. तोडणीच्या दिवसांत, सप्टेंबर-ऑक्टोबरात, भेट मागू नका, त्यांना मान वर करायलाही फुरसत नसते. ल कास्तले हे डोंगरमाथ्यावरचं जुनं गाव जरूर बघा. तटावरून खाली बघितलं की ताली, बागा आणि पलीकडे समुद्र असं सगळं एका नजरेत येतं.

चौथी पायरी: ठेवायची कुठे

महाराष्ट्रात राहणाऱ्यांचा खरा कस इथे लागतो. वाइनला 12 ते 14 अंश तापमान, अंधार आणि शांतता हवी. नागपूरच्या मे महिन्यात कपाटातली बाटली एका उन्हाळ्यात शिजून जाईल. पुण्या-मुंबईतही बरीच वर्षं ठेवायची तर छोटा वाइन-फ्रिज घ्यावाच लागतो. बाटली आडवी ठेवा, म्हणजे बूच ओलं राहतं. वाइन-फ्रिज नसेल तर साध्या फ्रिजच्या सगळ्यात कमी थंड कप्प्यात काही महिने चालतील, दहा वर्षं नाही. वाइन-फ्रिज घेणं जमत नसेल तर बाटली थांबवायचा हट्ट न करता वर्षाच्या आत प्या. चांगली साठवलेली कोवळी बांदोल ही उन्हात म्हातारी झालेल्या बांदोलपेक्षा कितीतरी बरी.

पाचवी पायरी: कधी उघडायची

ढोबळ अंदाज असा. बाजारात आल्यापासून पहिली दोन-तीन वर्षं: काळी फळं, मिरी, जोरदार तुरटपणा, पण उमेद. मग पुढची काही वर्षं बऱ्याच बाटल्या मिटतात. वास दबतो, फळ मागे जातं आणि फक्त सांगाडा जाणवतो. या काळात उघडणारे सगळ्यात जास्त निराश होतात. तुमची पाच-सहा वर्षांनी उघडलेली दुसरी बाटली अशी मिटलेली निघाली तर घाबरू नका, ती बिघडलेली नसते. साधारण दहा वर्षांनंतर ती पुन्हा उलगडते. चामडं, सुकी पानं, ज्येष्ठमध, प्रोव्हान्सच्या माळरानावरच्या रोजमेरी-थाइमसारख्या झुडपांचा गंध असं सगळं वर येतं, आणि तुरटपणा मखमलीसारखा मऊ झालेला असतो.

सहावी पायरी: उघडणं

कोवळी बाटली असेल तर काम सोपं. जेवणाच्या तीन-चार तास आधी बूच काढा आणि सगळी वाइन रुंद डिकँटरमध्ये ओता. डिकँटर नसेल तर काचेचा स्वच्छ जग चालतो. धारेचा आवाज झाला तरी हरकत नाही, हवा लागायलाच हवी. सुरुवातीचा कोंदट, जनावरी वास तासाभरात बराचसा उडतो. तो उडाला नाही आणि ओल्या पुठ्ठ्यासारखा, कोंदट कपाटासारखा वास वाढतच गेला, तर बूच खराब आहे. त्यावर उपाय नाही. विकणाऱ्याला सांगा, बरेचसे चांगले दुकानदार बाटली बदलून देतात.

जुन्या बाटलीला वेगळा हात लागतो. दोन दिवस आधी तिला उभी करा, म्हणजे साका तळाशी जाईल. वरचं पत्र्याचं आवरण पूर्ण काढून टाका, बाटलीची मान उघडी दिसली पाहिजे. जुनं बूच ठिसूळ असतं. साधा स्क्रू मध्येच तुटतो, म्हणून दोन पात्यांचा काढणारा मिळाला तर उत्तम. पाती बुचाच्या दोन बाजूंनी डुलवत खाली सरकवायची आणि पिळत वर ओढायचं. आता मानेच्या खाली मेणबत्ती किंवा मोबाइलचा टॉर्च ठेवा आणि एका दमात, न थांबता, बारीक धारेने ओता. सुरुवातीला मानेतून जाणारी वाइन विटकरी-लाल आणि स्वच्छ दिसते. शेवटी शेवटी खांद्यापाशी काळसर धुरासारखी एक रेघ येताना दिसेल. ती मानेत पोचायच्या आत हात थांबवा. खाली उरलेल्या बोटभर वाइनचा लोभ करू नका. तिच्यातला साका जिभेला खरखरीत आणि कडू लागतो. आणि जुनी वाइन डिकँटरमध्ये तासन्‌तास ठेवू नका. लगेच पहिला घोट घ्या, मग अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा. तिचा बदल तुमच्या ग्लासातच होऊ द्या.

तापमान 16 ते 18 अंश. ‘खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला थंड दगडी घरांचा आहे, आपल्या एप्रिलचा नाही. आपल्याकडे बाहेर असलेली बाटली ओतण्याआधी तासभर फ्रिजमध्ये ठेवा. बांदोलमध्ये अल्कोहोल बहुधा 14 टक्क्यांच्या आसपास असतं आणि गरम झाली की तेच आधी नाकात जातं.

सोबत काय खायचं

तिकडे ही वाइन लसूण आणि रोजमेरी घालून भाजलेल्या कोकराबरोबर, रानडुकराच्या मांसाबरोबर किंवा दोबबरोबर पितात. दोब म्हणजे लाल वाइनमध्ये मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेलं गोमांस, त्यात काळी ऑलिव्ह आणि संत्र्याची साल. चरबी आणि प्रथिनं टॅनिनला आवर घालतात, म्हणून मटण हे बांदोलचं नैसर्गिक जोडीदार.

पण तिखट नाही. टॅनिन, अल्कोहोल आणि मिरची एकत्र आली की तिन्ही भडकतात. तांबड्या रश्श्याबरोबर बांदोल उघडली तर दोन्हींचा अपमान होतो. काळी मिरी, लवंग, दगडफूल यांच्या बेताच्या मसाल्यात, भाजलेल्या कांद्यावर सावकाश शिजलेलं सुकं मटण मात्र कोवळ्या बांदोलशी छान जमतं. मिरची बेतानेच घाला एवढंच. शाकाहारी ताटात वांग्याचं सौम्य भरीत किंवा लोण्यावर परतलेले मशरूम. दहा वर्षांपलीकडच्या बाटलीशी तर मशरूमच मला सर्वांत जास्त आवडतात, कारण दोघांत तोच ओल्या मातीचा, पाचोळ्याचा गंध असतो. फार मसालेदार काही असलं की जुन्या वाइनचं बारीक बोलणं ऐकूच येत नाही.

बाटली उरली तर

कोवळी बांदोल संपवायची घाई नको. बूच परत लावून फ्रिजमध्ये ठेवली तर दुसऱ्या दिवशी ती बरेचदा पहिल्या दिवसाहून चांगली लागते, तिसऱ्या दिवशीही चालते. मूर्वेद्र हवा सावकाश पचवतं म्हणतात ते इथे घरबसल्या तपासून बघता येतं. दुसऱ्या दिवशी ती उघडून सुधारली असेल तर तुमच्या बाकीच्या दोन बाटल्यांना अजून बराच अवकाश आहे असं समजा. कोमेजली असेल तर दुसरी लवकर उघडा. वीस वर्षांची बाटली मात्र उघडली त्याच रात्री संपवा. चार माणसं बोलवा, तिला दुसरी सकाळ बघायला लावू नका.